कोपरा कापलेलं पत्र

मी स्वभावानेच संशयी. एस.टी.चं तिकीट हातात पडलं की त्यावरचे आकडे दोनदा वाचणार, आणि कुणी आपणहून चहा पाजला की याचं माझ्याकडे काय काम असेल ते मनात शोधत बसणार. त्यामुळे साठच्या दशकात महाडला हायस्कुलात मास्तर असताना मला इंग्लंडमध्ये एक टर्म शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आधी आनंद झालाच नाही. हे लोक आपल्याला फुकट कशाला नेतायत, हेच डोक्यात आलं.

आमचं घर शिवथरच्या खोऱ्यात, भातशेतीचं. वडिलांना अक्षरओळख नव्हती. थोरला भाऊ चौथी शिकलेला, तो शेती बघायचा आणि घरची पत्रंही तोच लिहायचा. बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तीन म्हैन्यात काय शिकवत्यात रे? आनि शिकवून झालं का परत सोडत्यात ना?"

सोडतात, असं मी म्हटलं. पण त्या वर्षी पावसाळाभर बाबांना खोकल्याने धरलं होतं, छाती वाजत होती. मी निघालो तेव्हा दादा एस.टी.पर्यंत पोचवायला आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "हितली काळजी करू नको. तुजी परीक्षा हुईस्तवर आमी तुला काय कळवनार नाय." बिचारा धीर द्यायला म्हणाला. माझ्या मनात मात्र ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. काय कळवणार नाहीत? म्हणजे कळवण्यासारखं काही होणार आहे, असं याला वाटतंय की काय?

माझं कॉलेज लीड्सला, आणि लीड्स हे विद्यार्थ्यांचं शहर. दुपारी कॉलेजं सुटली की रस्ताभर लांब मफलर, सायकली, गिटारी आणि हसण्याचा गलका. माझा संशय तिथे चांगलाच पोसला गेला. सकाळी दारोदार दुधाच्या बाटल्या ठेवलेल्या असत आणि कुणी त्यांना हात लावत नसे; पहिले चार दिवस मला वाटलं, परदेशी माणसांची परीक्षा बघायला ठेवत असावेत. एकदा निम्मे विद्यार्थी भुतांचे आणि चाच्यांचे वेष करून डबे खुळखुळवत अंगावर आले. दंगल समजून मी एका बेकरीत शिरलो. ते धर्मादाय वर्गणी मागत होते, हे बेकरीवालीने हसू दाबत सांगितलं. ती बेकरीवाली, बसची कंडक्टरीण आणि माझी घरमालकीण या तिघीही मला "लव्ह" म्हणून हाक मारत. तिकडची ती बोलायची पद्धतच आहे हे कळेपर्यंत मी घरमालकिणीशी दार उघडं ठेवूनच बोलत असे. घरी यातलं काही लिहिलं नाही.

घरमालकीण साठीची, एकटी, गुडघ्यांनी बेजार बाई. तिचं बोलणं मला निम्मंच कळायचं. वर्गात शिकवलेलं माझं इंग्रजी आणि तिचं इंग्रजी यांची गाठ क्वचितच पडे. घरून पहिलं पाकीट आलं तेव्हा ते हातात घेऊन ती बराच वेळ काहीतरी विचारत राहिली. मला ओ की ठो कळलं नाही. आपण अशा वेळी डोलावतो तशी मी मान डोलावली. ती खूश होऊन गेली. ती खूश का झाली, याचाही मी पुढे दोन दिवस विचार करत होतो.

दुसरं पत्र नोव्हेंबरात आलं. हवाई पत्र, म्हणजे एकाच निळ्या कागदाच्या घड्या घालून चिकटवलेलं, वर तिकीट छापलेलं. मी कॉलेजातून आलो तेव्हा ते जिन्याखालच्या टेबलावर पडलं होतं, आणि त्याचा कोपरा नव्हता.

आमच्याकडे मयताचं पत्र कोपरा फाडून पाठवतात. आमच्या निम्म्या घरांतली माणसं मुंबईच्या गिरण्यांत, त्यामुळे ही खूण पोराटोरांनाही ठाऊक. असं पत्र घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचतात, फाडून टाकतात, आणि अंघोळ केल्याशिवाय कुठे शिवत नाहीत. मला कोपरा गेलेला दिसला. त्याच कोपऱ्यावर तिकीट असतं आणि तेही गेलंय, हे काही मला दिसलं नाही.

पत्र घेऊन मी तसाच बाहेर पडलो आणि फाटकाशी उभा राहून ते उघडलं. घड्यांवरून कापलेलं असल्याने उलगडल्यावर त्याला एक सोडून तीन भोकं निघाली. दादाच्या जाड अक्षरात वर "श्री" होता. मयताच्या पत्रावर श्री नसतो, म्हणून क्षणभर जीव भांड्यात पडला. मग पुढे वाचलं. "बाबांचं" एवढा शब्द, मग भोक, आणि भोकापलीकडे, "सगळं नीट पार पडलं. पाव्हणे येऊन गेले. तू काळजी करू नको, परीक्षा दे."

बाबा गेले, असं मी धरलं. श्री का लिहिला असेल तेही मी लगेच ठरवून टाकलं: मला कळू नये म्हणून श्री, आणि रीत मोडवेना म्हणून कोपरा. संशयी माणसाला असा मेळ घालायला वेळ लागत नाही.

पत्र मी तिथेच फाडलं आणि घरात येऊन थेट न्हाणीघरात गेलो. त्या घरात माझा अंघोळीचा वार शुक्रवार होता, आणि हा मंगळवार. गरम पाणी नव्हतं. दात घासायच्या पेल्याने मी अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर नळाचं पाणी ओतून घेतलं. बाहेरून घरमालकीण दार वाजवत होती, "बरं आहे ना रे, लव्ह?" बरं आहे, असं मी आतून ओरडलो. मला रडू येत होतं आणि रडावं की नाही तेच ठरत नव्हतं.

दाढी करणं मी बंद केलं. म्हणजे धड सुतक नाही आणि धड बिनसुतक नाही, असं काहीतरी चाललं होतं. त्या वर्षी लीड्सची निम्मी पोरं दाढ्या वाढवत होती. वर्गातल्या दोघांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आता तू आमच्यातला झालास म्हणाले. त्यांना काय सांगणार?

तार का केली नाहीस, असं पुढे मला अनेकांनी विचारलं. आमच्या खोऱ्यात तार आली की आधी रडारड होते, मग ती वाचून घ्यायला माणूस शोधतात. म्हणून मी दादाला पत्र लिहिलं: खरं काय ते लिही, बाबा आहेत की नाहीत, आणि असतील तर त्यांच्या अंगठ्याची खूण पाठव. उत्तर यायला तीन आठवडे तरी लागणार होते.

आणि परत जायचं? ते मी एकदा मनात आणलं. टर्म पुरी करून परीक्षा दिली तर प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि त्या प्रमाणपत्रावर महाडची हेडमास्तरकी अवलंबून होती. मध्येच सोडलं तर दोन्हीवर पाणी. एका सकाळी मी प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. वडील वारलेत, घरी जातो, एवढंच म्हणायचं होतं. आत ते कुणाशी तरी हसत बोलत होते. मी पाच मिनिटं थांबलो आणि लायब्ररीत निघून गेलो. पत्रात कुठे लिहिलंय वारले म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली. इतके दिवस जो संशय मला खात होता, तोच त्या सकाळी मला सोयीचा पडला. त्यानंतर दाराशी पुन्हा गेलो नाही.

एकविसाव्या दिवशी घरमालकीण गुडघा धरत जिना चढून वर आली. एका हातात दादाचं पत्र, या खेपेला पाकीट, आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातली कात्री. पाकिटाचा कोपरा नुकताच कापलेला होता. "तू परवानगी दिलीस म्हणून," ती सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तिकीट काढून घेतलंय. माझी बहीण जमवते. मागचं निळं जरा जाड लागलं हं."

मी पाकीट फोडलं. आत दादाने लिहिलं होतं, "बाबांचं भात झोडून झालं, पाव्हणे मदतीला आले, सगळं नीट पार पडलं, असं मागं लिवलं व्हतं. तू वाचलं नाय का?" आणि खाली निळ्या शाईत बाबांचा अंगठा, शाई जरा जास्तच लागलेली. मी घरमालकिणीचा हात धरून हसलो आणि मग मोठ्याने रडलो. या खेपेला ती घाबरली. संध्याकाळी दाढी केली आणि पोरांबरोबर त्यांच्या नाचाच्या हॉलमध्ये जाऊन भिंतीला टेकून लिंबू सरबत प्यालो. परीक्षाही पास झालो.

जानेवारीत घरी पोचलो तेव्हा शेतात वाल टरारला होता. बाबांचा खोकला गेला होता. सगळी वाडी आमच्या ओटीवर जमली आणि मी रंगात येऊन ही गोष्ट सांगितली. कात्री, तीन भोकं, मंगळवारची अंघोळ. लोक पोट धरून हसत होते. दादा मात्र मला डोळ्यांनी खुणावत होता, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. अंगठा कशासाठी हवा होता, हे त्याने बाबांना सांगितलंच नव्हतं. तुमची आठवण म्हणून मागितलाय, असं सांगितलं होतं.

बाबा हसले नाहीत. लोकांचं हसणं थांबल्यावर म्हणाले, "म्हंजे किती दिस मी मेलेला व्हतो?"

"एकवीस," मी म्हणालो.

"एकवीस दिस. आनि तू तितंच व्हतास?"

"परीक्षा होती, बाबा."

बाबांनी मान डोलावली. "हां," म्हणाले, "परीक्षा व्हती. मंग बराबर हाय." आणि आत वळून वहिनीला सांगितलं, "त्येला भाकर दे गो गरम. लांबून आलाय."

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. त्या दिवशीही शोधला आणि पुढे ते होते तोवर दर सुट्टीत शोधत राहिलो. तो नव्हताच. रागावले असते तर माझ्याकडे दहा कारणं तयार होती. त्यांनी माझं म्हणणं सरळ खरं मानलं. शिकलेल्या मुलाचं असंच असतं, असं त्यांनी त्या दिवशी ओटीवर बसून शिकून घेतलं. पुढे त्यांचं खरोखरचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा मी महाडलाच होतो, हेडमास्तर. दादा मला बोलवायला निघाला होता, तर त्यांनी त्याला हात करून थांबवलं. "ऱ्हाव दे," म्हणाले, "त्येची परीक्षा असंल."