धम्मपालचा जलद रस्ता

धम्मपाल तसा जन्माचा भित्रा. घराबाहेर पडताना गॅसचं बटण दोनदा बघणार, आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन पुन्हा बघणार. डोंबिवलीत मानपाड्याच्या एका केमिकल कारखान्याचं नेटवर्क सांभाळायला असा माणूस मिळाला, हे कारखान्याचं नशीबच. बाहेरून यंत्रांकडे येणारा डेटाचा प्रत्येक तुकडा तो कसून तपासायला लावायचा.

पण तपासणीत वेळ जातो. रिॲक्टरच्या तापमानाचे आकडे उशिरा दिसू लागले, तसे मॅनेजर विनीत सर पिसाळले. मग धम्मपालने सॉफ्टवेअरमध्ये जलद रस्ता काढला. सोसायटीचा वॉचमन करतो तसंच: नव्या माणसाची कसून चौकशी, ओळख झाली की नुसता हात हलवून आत. पहिला तुकडा सावकाश तपासायचा, त्याच कॉम्प्युटरकडून मागाहून येणारे न विचारता सोडायचे. आकडे भराभर दिसू लागले आणि सर खूश झाले.

एका दुपारी देखभालीच्या कंत्राटदाराचा फोन आला. त्याच्या कॉम्प्युटरचा कुणी परक्यानेच ताबा घेतला होता, आणि त्या कॉम्प्युटरला रिॲक्टरपर्यंत वाट होती. धम्मपालने लगेच त्या कॉम्प्युटरवर बंदीचा नियम टाकला.

"झालं ना? चल, चहा सांग," सर म्हणाले.

चहा यायच्या आत रिॲक्टरचं ठरवलेलं तापमान आपोआप वर सरकलं. ऑपरेटरने ते खाली आणलं. ते पुन्हा चढलं.

धम्मपालने नियम पुन्हा उघडून पाहिला. बंदी होती सावकाश रस्त्यावर. तो परका मात्र कधीच ओळखीचा होऊन बसलेला, त्याला कुणी विचारतच नव्हतं!

"सर, सगळ्याच ओळखी पुसायला लागतील. त्याची कुठली ते शोधायला टाइम नाहीये. पण सगळ्यांची पुन्हा तपासणी होईपर्यंत आपल्याला पण आकडे दिसणार नाहीत."

सरांचा चेहरा पांढरा पडला. "कर. आणि बाहेर एक शब्द जाता कामा नये. पळापळ होईल."

धम्मपाल संडासात गेला, कडी लावली आणि बायकोला फोन केला. घर कारखान्यामागच्याच गल्लीत होतं.

"शकू, सान्वीला घे आणि विठ्ठलवाडीला आईकडे जा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण झालंय काय?"

"विचारू नको गं, जा!"

मग परत येऊन त्याने ओळखी पुसल्या. पडद्यावरचे आकडे गेले. स्फोट म्हणजे काय हे डोंबिवलीकराला सांगावं लागत नाही. अखेर एकेक आकडा तपासणीतून परत आला. तापमान उतरत होतं आणि या वेळी ते पुन्हा चढलं नाही. सरांनी त्याची पाठ थोपटली.

संध्याकाळी तो घरी आला, तर शेजारची शेवंती दारातच उभी.

"भाऊजी, शकू आमच्या उर्वीला पण घेऊन गेली. म्हणाली, विचारू नको, फक्त पाठव. काय झालेलं?"

"काही नाही, ताई."

"काही नाही कसं? पोरींना हलवलंत ना?" तिने त्याची वाट अडवली. "माझी सासू अंथरुणाला खिळलेली, मी इथंच बसून होते. आम्हाला कोण सांगणार होतं?"

तिच्यामागे सबंध गल्ली दिसत होती. कुणी दोरीवरचे कपडे काढत होतं, कुणी पोरांना जेवायला हाका मारत होतं. फोन लावताना त्यातलं एकही दार धम्मपालला आठवलं नव्हतं.