कोळीवाड्यातलं दुसरं मतदान

हसू नका, आधी ऐकून तर घ्या! चहा थंड झाला तरी चालेल, पण मी कोळीवाड्यात काय दिवे लावले ते आज सांगूनच टाकते.

मी अलिबागला राज्यशास्त्र शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. विधानसभेचा निकाल लागला आणि शहरातल्या एका संशोधन संस्थेनं माझ्या गळ्यात काम घातलं. रेवदंड्याजवळच्या एका कोळीवाड्यात जायचं आणि लोकांनी मत कुणाला दिलं, का दिलं, ते विचारायचं. आम्हाला बजावून बजावून सांगितलं होतं, की उत्तर लोकांचं असलं पाहिजे, त्यात विचारणाऱ्याची लुडबुड नको. गोंधळ झाला तर गाव रद्द, आणि पुढचं कामही विसरा!

मी आणि गोंधळ? शिस्तीसाठी मी कॉलेजात बदनाम आहे हो!

आता, ‘मत कुणाला दिलं’ हे कुणी तोंडानं सांगत नाही. म्हणून चिन्हं छापलेला कागद द्यायचा, माणसानं आडोशाला खूण करायची आणि घडी घालून खोक्यात टाकायचा. संस्थेनं पुठ्ठ्याचं खोकं दिलं होतं. मला ते पोरखेळ वाटलं. मी घरातला पत्र्याचा डबा काढला, झाकणाला फट पाडून घेतली, वर कुलूप ठोकलं. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही!

पहिलं घर दामूदादांचं. प्रश्न दादांना, उत्तर वहिनींचं, आणि दुरुस्ती दारात उभ्या शेजारणीची!

‘त्यांना काय इचारतंस? मी सांगितलं तितंच त्यांनी दिलंय!’ वहिनी म्हणाल्या.

‘मी न्हाय दिलं तितं,’ दादा बोलून गेले.

संपलं! वहिनींच्या हातातली सुपारी हातातच राहिली. पुढचं भांडण मी कसलं लिहून घेते? मी डबा उचलून बाहेर पळाले.

असं घरोघरी भांडण लावत फिरले असते तर संध्याकाळपर्यंत अख्खा वाडा पेटला असता. म्हणून मी डोकं चालवलं. शाळेच्या ओट्यावर टेबल टाकलं, एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि निरोप धाडला, एकेकानं या. निवडणुकीत मतदान त्याच ओट्यावर झालं होतं, हे मला माहीत होतं का? होतं! काही वाटलं का? छे!

पाचसहा जण आले. मी म्हटलं, बायकांची रांग वेगळी करा. मग मनात आलं, एकच माणूस दोनदा आला तर? मी जांभळा मार्कर काढला आणि एकेकाच्या नखावर रेघ ओढायला लागले. पहिल्या बोटाला निवडणुकीची शाई होतीच, म्हणून मधल्या बोटाला. फेरमतदानात शाई मधल्या बोटाला लावतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तिथं आठवलं? नाव नको!

आता त्या वाड्याचं ऐका. अर्धा वाडा जिंकलेल्यांचा, अर्धा पडलेल्यांचा, आणि निकाल अगदी थोडक्यात लागलेला. पडलेल्यांच्या बाजूला बातमी पोचली: मशीन रद्द झाली, आता कागदावर घेतायत, शाई मधल्या बोटाला!

बघता बघता रांग विहिरीपर्यंत गेली. बोंबील वाळत घातलेले तसेच टाकून बायका आल्या. बाजारातल्या कोळणी टोपल्या सोडून रिक्षा भरभरून आल्या. समुद्रात गेलेल्या बोटींना फोन गेले. आणि मी? मी खूश! केवढा प्रतिसाद!

तेवढ्यात रमाकांत आला. जिंकलेल्यांचा कार्यकर्ता, कानामागं अजून गुलाल.

‘म्याडम, आमचा मानूस हितं बसंल.’

‘बसू दे की,’ मी म्हटलं. ‘सावली काय माझ्या बापाची आहे?’

लगेच पडलेल्यांचाही एक जण येऊन बसला. दोघे माझ्या डब्याकडे डोळे लावून. मला वाटलं, लोकशाहीबद्दल काय ही आस्था!

शेवटी रमाकांतला राहवेना. ‘पन मोजनी कवा? आमी मिरवनूक काडली, पेढे वाटलं. ती परत घ्यायची काय?’

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ताडकन उठले आणि जगातलं सगळ्यात मूर्ख वाक्य ओरडले.

‘अहो, ही मतं कुठंच मोजली जाणार नाहीत!’

देवा! जिंकलेले आणि पडलेले, निवडणुकीत एकमेकांचं तोंड न बघणारे, क्षणात एक झाले. ‘मंग लावलीस कशाला शाई?’ ‘आमचं बोंबील कावल्यांनी खाल्लं, ते कोन देल?’ ‘डबा फोडा!’ एक म्हणाला डबा समुद्रात टाका, दुसरा म्हणाला बाईसकट टाका. मी नमुन्याची निवड, संशोधन, गुप्तता वगैरे समजावू लागले. अशा वेळी कुणी समजावतं का? मी समजावलं!

संस्थेला कुणी कळवलं देव जाणे. साहेबांचा फोन आला. गाव रद्द, डबा घेऊन परत या.

गर्दी पांगली. ओट्यावर हिरामावशी तेवढ्या राहिल्या होत्या, गुडघे दुखतात म्हणून टेकलेल्या. सकाळी सगळ्यांत आधी त्याच आल्या होत्या, आणि पुढं गर्दी उसळल्यामुळे त्यांचा फक्त शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला होता. काम गेलंच होतं, पण अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही ना! मी डोळे पुसले, पेन उघडलं आणि प्रश्न जसा छापला होता तसाच वाचला.

‘मावशी, मतदान नीट होतं, यावर तुमचा विश्वास आहे का?’

मावशींनी मधल्या बोटावरची जांभळी रेघ लुगड्याला घासून पाहिली. निघेना.

‘सकालपत्तर व्हता गो बाय,’ त्या म्हणाल्या. ‘मंग तू आलीस.’