दीपगृहाचे दोन इतिहास

माझे सासरे कोकणातल्या एका बेटावरच्या दीपगृहात नोकरीला होते. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे मोशीला राहायला आले. माणूस शांत. "भात वाढू?" "नको." एवढ्यावर जेवण उरकायचं. चाकणच्या कंपनीत दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकून आलेल्या मला ते बरंच वाटायचं.

आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला कुणाचं तरी भाषण असतं. त्या वर्षी ठरलेले पाहुणे आलेच नाहीत. चेअरमन धावत माझ्याकडे आले.

"राव, तुमच्या सासऱ्यांनाच बोलू द्या की. दीपगृहाचा इतिहास! पाच-दहा मिनिटं."

बायको मला म्हणाली, "बाबा दोन वाक्यांत आटपतील. उरलेला वेळ तुम्ही गाणं म्हणा."

सासरे माइकसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि सुटलेच.

"बेटावर गोडं पाणी नाही, झाड नाही. गोऱ्या साहेबाच्या काळात दगड गलबतांतून नेले. त्यातलं एक गलबत बुडालं, म्हणून आमचं दीपगृह बुटकं. भिंग विलायतेहून आलं. आत रॉकेलचा दिवा. भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याचं वजन हातानं वर ओढायचं. भिंग थांबलं की जहाजवाल्यांना वाटणार, हे दुसरंच दीपगृह! पुढं वीज आली, तरी माणसं होतीच. मग आम्ही एक कोंबडा पाळला. उजेडाचा झोत फिरला की त्याला वाटायचं, उजाडलं. रात्रभर आरवायचा. तपासणीला आलेले साहेब मुक्कामाला राहिले आणि सकाळी म्हणाले, 'दिवा उत्तम आहे. पण हा भोंगा कुणी मंजूर केला?'"

हॉलमध्ये हशा पिकला. सासऱ्यांना आणखी चेव आला.

"बेटावर नोकरीला आम्ही दोघंच, मी आणि माझा सहकारी. एका पावसाळ्यात आमटीतल्या मिठावरून आमचं वाजलं. बोटी बंद, जाणार कुठं? अबोला धरला. काही सांगायचं झालं तर दुधासाठी पाळलेल्या बकरीला सांगायचो. 'बकरे, त्याला म्हणावं, आज पाळी त्याची.' तोही बकरीलाच उत्तर द्यायचा."

"मग आधी कोण बोललं?" पहिल्या रांगेतल्या आजींना राहवेना.

"बकरी व्याली हो. पिल्लू आडवं आलेलं. तेव्हा दोघंही ओरडायला लागलो, 'धर, धर!'" सासऱ्यांनी माइक सरळ केला. "नंतर आपोआप चालणारं यंत्र बसलं. आम्हा दोघांना एकाच बोटीनं बेटावरून उतरवलं. संपला इतिहास."

तळमजल्यावरचे गॅरेजवाले चाचा उठून उभे राहिले. "काका, ते दुसरे साहेब आता कुठं असतात?"

"देहूला. लेकाकडे."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. देहू आमच्यापासून कितीसं लांब? पण ते इतक्या जवळ राहतात, हे मलाही तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

घरी आल्यावर मी म्हणालो, "बाबा, कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठं, जावईबापू?"

पुढच्या रविवारी त्यांना घेऊन देहूला गेलो. ते दुसरे काका पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"आलास?"

"आलो."

मग दोघंही समोरच्या रस्त्यावरची वाहनं बघत बसले. मलाच अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी भाषणाची हकिगत सांगायला लागलो. बुडालेल्या गलबतापाशी आलो आणि काका खुर्चीतून अर्धे उठले.

"गलबत बुडालं? मेल्या, लोकांना काय वाट्टेल ते सांगतोस? घाटावरचे गवंडी आणले होते. त्यांना बोट लागली नि ते पळून गेले, म्हणून ते बुटकं!"

"तू बघायला होतास?"

"तू होतास?"

जुंपली ती जुंपलीच. चहा निवला, दुसरा केला, तोही निवला. काकांची सून दारात उभी राहून ऐकत होती. मला हळूच म्हणाली, "ह्यांना एवढं बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं." मी म्हणालो, "आमच्याकडेही तसंच आहे."

अखेर तिनं दोघांपुढं ताटं ठेवली, तेव्हा कुठं इतिहास थांबला. सासऱ्यांनी भात दोनदा मागून घेतला.

येताना तळवड्याच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांच्या गर्दीत अडकलो. सासऱ्यांच्या कपाळावर अजून आठ्या होत्या, पण चेहरा असा टवटवीत मी कधी पाहिला नव्हता.

"पुढच्या रविवारी तुम्हाला सुट्टी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"ओव्हरटाइम लागलाय, बाबा."

"असू दे. मी रिक्षानं जाईन. भिंग कुठल्या बंदरात उतरवलं, तेही त्याला धड माहीत नाही."

मी सुपरवायझरला फोन करून ओव्हरटाइम नाकारला. पुढचं भांडण मलाही ऐकायचं होतं.