गाण्यांसाठी केलेली जागा

सेगू शहराच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांना लागून झुमाना कुलिबालीची टपरी होती. टपरी कसली, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि वर छत्री. लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायची, हा त्याचा धंदा. पण आमच्याकडे इंटरनेट महाग आणि फोन स्वस्तातले, कधी मान टाकतील नेम नाही. त्यामुळे बारशाचे फोटो, परदेशी गेलेल्यांचे निरोप, सगळ्याचा बॅकअप लोक झुमानाकडेच ठेवायचे. "माझ्याकडे आहे म्हणजे तुझ्या पेटीत आहे," असं तो छाती फुगवून सांगायचा. आणि लोक तरी काय, ठेवायचे हो विश्वास!

शेजारच्या ओट्यावर नान्युमा केइता सुकी मासळी विकायची. केइता आणि कुलिबाली या दोन आडनावांचं आमच्याकडे थट्टेचं नातं. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची टर उडवायची, आणि काही झालं तरी रागवायचं नाही. रागावला तो आपल्या आडनावाला बट्टा लावतो. कुलिबालींना चवळीचे हावरे म्हणायचं आणि केइतांना आपले गुलाम, ही ठरलेली टर. सकाळी टोपली उतरवतानाच नान्युमा सुरू व्हायची.

"ए चवळीखाऊ, आज किती पातेली चाटलीस?"

"तुझ्या आजोबांनी उरवली तेवढीच. आणि आधी मालकाला सलाम कर, केइता."

"मालक म्हणे! तुझं थोबाड बघून माझी मासळी पुन्हा मेली."

नान्युमाच्या नवऱ्याचं नाव फादियाला. तो गॅबन देशात बांधकामावर गेला होता. तिथे तो आजारी पडला. आपण काही परत जात नाही हे उमगलं, तेव्हा त्याने एक निरोप रेकॉर्ड करून पाठवला. लेकीच्या, कानीच्या, लग्नासाठी बापाचा आशीर्वाद. लग्नाच्या दिवशीच लावा, त्याआधी कुणी ऐकू नका, असं वर बजावलं. बापाने आशीर्वाद द्यायचा आणि सगळ्या मांडवाने 'आमीन' म्हणायचं, त्याशिवाय आमच्याकडे लग्नाला लग्न म्हणत नाहीत. फादियाला तिकडेच मातीत गेला. नान्युमाने तो निरोप न ऐकता जपला, आणि एक प्रत झुमानाकडे ठेवली.

मग लग्नसराई आली. नवी गाणी आली, डिस्क तुडुंब भरली. झुमानाने लोकांचे जुने फोल्डर उडवायला घेतले. नान्युमाच्या फोनमध्ये आहेच की, असं म्हणत तिचाही उडवला. अरे, विचारायला ती हाताच्या अंतरावर बसली होती! पण गिऱ्हाईक ताटकळत होतं, आणि गड्याला वाटलं, त्यात विचारायचं काय.

कानीचं लग्न तोंडावर आलं आणि धुणं धुताना नान्युमाचा फोन नदीत पडला. ती हसतच टपरीवर आली. "गेला बाई वाहून! बरं झालं, तुझ्याकडे ठेवलंय. काढून दे रे, चवळीखाऊ."

झुमाना स्क्रीनकडे वळला. तोंडातून निघालं, "आज वीज नाही. उद्या ये."

टेबलावरचा पंखा गरगरत होता. तिने तो पाहिला की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मशीन बिघडलं, त्याच्या पुढच्या दिवशी त्याला ताप आला. पुसलेलं परत आणणारा प्रोग्राम त्याने चालवून पाहिला, पण नव्या गाण्यांनी जुनं कधीच झाकून टाकलं होतं. फादियालाच्या नावाची एक फाइल सापडली, तिच्यातून वरातीचा ढोल वाजला. त्याने झटकन आवाज बंद केला आणि इकडेतिकडे पाहिलं. लाज अशी, की नान्युमाची टोपली दिसली की तो वायर शोधायला टेबलाखाली वाकायचा. किती वायरी शोधणार होता, कोण जाणे!

लग्नाच्या सकाळी मात्र तो नान्युमाच्या घरी गेला. एरवी असा गुन्हा घडला की माणूस माफी मागायला भाटाला मध्ये घालतो. पण थट्टेच्या नात्यात मध्यस्थ लागत नाही, माफी आधीच पदरात पडलेली असते. त्याला नेमकं तेच सलत होतं.

अंगणात भलेमोठे स्पीकर लावून ठेवले होते. बायका भाताची पातेली ढवळत होत्या. कानी मेंदीचे पाय पसरून चटईवर बसली होती.

"आलास? मला वाटलं चवळीच्या पोत्यात अडकलास!" नान्युमा ओरडली.

"नान्युमा, ते नाहीये. मी पुसलं. गाण्यांना जागा हवी होती म्हणून. वीज, मशीन, सगळं खोटं सांगितलं."

तिचा डाव पातेल्यातच थांबला. मग ती बायकांकडे वळली. "ऐकलंत का गं? या कुलिबालीला चवळी पुरली नाही, माझा नवराही खाल्लान!"

बायका हसल्या. रीतच ती. झुमानानेही हसायला हवं होतं, पण ओठ हलेनात.

"शिव्या दे मला," तो म्हणाला. "चप्पल काढ. पण हसू नकोस गं."

"कुलिबालीवर रागावले तर केइता कसली मी?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तोंड हसतंच होतं.

तेवढ्यात कानी म्हणाली, "काका, ठेवून घेताना तुम्ही ऐकलं असेल ना? थोडं तरी?"

सगळं अंगण त्याच्याकडे बघायला लागलं. खोटं बोलणं किती सोपं होतं! सुखी राहा, तुझं घर भरू दे, असं कुठल्याही बापाचं बोलणं खपलं असतं. त्याने ते जिभेवरच गिळलं.

"फाइल चालते का ते बघायला लावली होती," तो म्हणाला. "तो खोकला. मग म्हणाला, 'कानी, माझी...' आणि गिऱ्हाईक आलं. मी बंद केलं."

"माझी काय?"

"माहीत नाही, पोरी."

एक म्हातारी हलकेच आमीन म्हणाली. मग बाकीच्याही म्हणाल्या. कानीने चेहरा ओढणीत लपवला.

झुमाना नान्युमाकडे बघत उभा राहिला. एखादा टोमणा, एखादी शिवी येईल, म्हणून. ती उठली. पाहुण्यांची खुर्ची आणून तिने फडक्याने पुसली आणि थंड पाण्याचा वाडगा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"बसा, कुलिबाली," ती म्हणाली. "उन्हातून आलात. घरी सगळे बरे आहेत ना?"

अनोळखी पाहुण्याला विचारतात तसं तिने विचारलं. सगळे बरे आहेत, असं सांगून तो खुर्चीवर बसला.