उजव्या डोळ्यातलं फूल: अकोल्याहून अमरावती

अक्कानं सुमनला एक हिवाळा दिला होता. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, सुमन तिची मुलगी. अमरावतीच्या एका व्यायामशाळेत मुलींसाठी शारीरिक शिक्षणाचा वर्ग निघणार होता. तो पुरा केला की कन्याशाळेत कवायतीच्या बाईंची जागा मिळू शकते. सुमनची निवड झाली तर ती शिकणार. नाही झाली तर बाळापूरच्या बिजवराला होकार कळवायचा. वडील नसलेल्या, तोंडावर देवीचे वण असलेल्या मुलीला यापेक्षा जास्त थांबता येत नाही, असं अक्काचं म्हणणं. मी शाळेतून रजा काढली आणि आम्ही दोघी निघालो.

अकोल्याहून सकाळची पॅसेंजर धरावी. डिसेंबरात शाल हाताशीच ठेवा, तिसऱ्या वर्गाच्या खिडक्या नीट लागत नाहीत. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबते. पलीकडच्या फलाटावर अचलपूरची छोटी गाडी धूर सोडत उभी असते. तिथला चहा बरा, भजी मात्र कालची. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. सुमन कापडात गुंडाळलेलं बांबूचं धनुष्य मांडीवर घेऊन बसली होती.

"काय व्हय थे, पोरी?" समोरच्या म्हातारीनं विचारलं.

"धनुष्य, आजी."

"अन् राम कुठी आहे?"

डबा हसला. सुमनही हसली. त्या प्रवासातलं तिचं हसणं मला एवढंच आठवतं.

धनुष्य चालवायला ती आमच्या शाळेच्या ड्रिलमास्तरांकडून शिकली होती. डावा डोळा मीट, उजव्यानं बघ, सोड, हा त्यांचा मंत्र. सुमनचा बाण दरवेळी निशाणाच्या डावीकडं जाई. मास्तर वाऱ्याला दोष देत. मग तिनं आपणच एक तोड काढली: निशाणाच्या उजवीकडं हातभर नेम धरायचा. बाण बरोबर मध्ये! जिल्ह्याच्या मेळाव्यात तिला टाळ्या मिळाल्या त्या या हातभर अंदाजावर.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. स्टेशनावर टांगेवाला आण्यात भाडं सांगून नव्या पैशात भांडत होता. "बाई, पैसा नवा आला, घोडा तं जुनाच आहे ना!" धर्मशाळेत सामान टाकून, शेजारच्या खानावळीत भाकर, वांग्याची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा खाऊन आम्ही व्यायामशाळेत गेलो. निवड दुसऱ्या दिवशी होती, तीही धनुष्यबाणाच्या नेमावर. आदल्या दिवशी मुलींना सराव करू देत होते.

तिथल्या शिक्षिका नलूताई चाळिशीच्या, आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सुमनचे दोन बाण पाहिले आणि निशाण चार पावलं मागं नेलं. बाण गेले कुठल्या कुठं.

"तू निशाणावर नेम धरतच नाहीस," नलूताई म्हणाल्या. "इकडे ये. दोन्ही हात समोर लांब कर. तळवे जोडून मध्ये छोटी खिडकी ठेव. त्यातून ते निशाण बघ. आता निशाण न सोडता हात तोंडाकडं आण."

हात आले ते डाव्या डोळ्यावर.

"तुझा बघणारा डोळा डावा आहे. म्हणून बाण डावीकडं जातो. डावा मिटत नाहीस ना?"

"मास्तर मीट म्हणत. मी मिटल्यासारखी करो."

"आता खरंच मीट. काय दिसतं?"

"उजेड."

"आणखी?"

"उजेडच, बाई."

नलूताईंनी तिची हनुवटी धरून तोंड उतरत्या उन्हाकडं वळवलं. "हे फूल कधीचं?"

सुमनचा हात वेणीकडं गेला. वेणीत फूल नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं. बाजूनं ऊन आलं तेव्हाच दिसला, उजव्या बुबुळावर दुधाच्या थेंबासारखा फिकट डाग. देवी गेल्यावर डोळ्यात पडतं ते फूल.

"सांगितलं काहून नाही गं?" माझ्या तोंडून निघालं.

ती गोंधळली. "काय सांगू, मावशी? मले वाटे, उजवा डोळा सगळ्यायचा असाच असते. एक उजेडासाठी, एक पाहासाठी."

आमच्याकडं देवी येऊन गेल्या की घरात गोड करतात. देवीनं काय नेलं त्याची चौकशी करत नाहीत. तक्रार ऐकली तर ती परत फिरते म्हणे. सुमन तापातून उठली तेव्हा आम्ही पुरण शिजवलं आणि फक्त वण राहिले म्हणून देवीचे आभार मानले. डोळ्यापुढं बोट धरून बघ म्हणायला कुणी धजावलं नाही.

नलूताईंनी धनुष्य तिच्या उजव्या हातात दिलं. "दोरी डाव्यानं ओढ." डाव्या हातात जोर नव्हता. बाण निम्म्या वाटेत पडला. दुसराही. पण दोन्ही निशाणाच्या अगदी रेषेत पडले होते.

"उद्या कोणत्या हातानं मारायचं, तुझं तू ठरव," नलूताई म्हणाल्या. "उजव्यानं मारशील तर अंतर बदललं की चुकशील. डाव्यानं मारशील तर बाण पोचायचे नाहीत. एक वर्ष मिळालं असतं तर मी तुला डाव्या हातानं तयार केलं असतं."

वर्ष नव्हतं. संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर सुमन एकेक डोळा झाकून रस्ता बघत होती. मी म्हटलं, "उजव्यानंच मार. एखादा लागून जाईन."

"लागला तं मी मारला असं होईन का, मावशी?"

सकाळी ती डाव्या हातानं उभी राहिली. कुणीतरी हसलं, "डावखोरी!" सगळे बाण सरळ गेले. निशाणापर्यंत दोनच पोचले. दुपारी नावं वाचली, त्यात तिचं नव्हतं.

गाडीला वेळ होता म्हणून अंबादेवीला गेलो. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, दुपारी गर्दी फार. गाभाऱ्यासमोर सुमननं हळूच विचारलं, "हेच का मावशी, आपल्या घरी आलती ते?"

"नाही गं. ते वेगळी."

"मंग हिले काय मागू?"

मी ओटीचा नारळ तिच्या हातात दिला.

अमरावती शहर चांगलं आहे. रस्ते रुंद, वडाळीचा तलाव संध्याकाळी शांत, माणसं तोंडावर बोलणारी आणि तशीच मदत करणारी. जरूर जा. मला मात्र त्या गावाची आठवण म्हणजे उतरत्या उन्हात धरलेली एक हनुवटी. मी तिला वाचायला शिकवलं, तिच्या वेण्या घातल्या. तिच्या तोंडाकडं बघताना मी वण चुकवून बघत असे, आणि डोळाही त्यातच चुकला.

घरी परतलो तेव्हा अक्का दारात उभी होती. "काय झालं?"

"नाही घेतलं," सुमन म्हणाली. "आई, मले उजव्या डोळ्यानं दिसत नाही."

अक्कानं आधी शेजाऱ्यांच्या खिडकीकडं पाहिलं. "हळू बोल." देवी ऐकेल म्हणून की शेजारी, मला अजून कळलेलं नाही. "बाळापूरचे रविवारी येतीन. खाली पाहून बसजो. घडीभराचं काम."

"मी सांगीन त्यायले."

"सांग. मंग बस जन्मभर घरात."

रविवारी पाहुणे आले. सुमननं चहा ठेवला आणि कुणी नाव विचारायच्या आधी डोळ्यातल्या फुलाचं सांगून टाकलं. त्यांनी चहा पुरा प्यायला, पोह्यांना चांगलं म्हटलं आणि "कळवतो" म्हणून गेले.

अक्कानं कपबशा गोळा केल्या, पुन्हा खाली ठेवल्या. सुमनचा दंड धरून तिला दाराशी नेलं आणि तिचं तोंड वर केलं. बराच वेळ बघत राहिली.

"कुठी आहे?" ती म्हणाली. "मले तं काईच दिसत नाही."