पट्ट्यावरून उचललेली नजर

इतकी वर्षं झाली, तरी ती केस आठवली की मला स्वतःचाच राग येतो.

धरणगावकडच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यातून मुकादमाचा फोन आला. उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे एक हमाल पडलाय, मांडीचं हाड मोडलंय, शुद्ध नाही. ठाणे अंमलदाराने डायरीला नोंद घेतली आणि मी निघालो.

पाहणारी एकच होती. सरकत्या पट्ट्यावरच्या कापसातला कचरा वेचणारी अक्का. किंकाळी ऐकून तिने मान वर केली होती.

"मन्हा डोयासमोर ट्रॅक्टर मांगे सरकना, साहेब. चालवणारा मन्ही बहीणना पोर्‍या शे. पन देखं ते देखं."

सख्ख्या भाच्याविरुद्ध कोण खोटं बोलेल? मी भाच्याला ठाण्यात बसवलं. सरकारी गाडीवर चालक म्हणून त्याची निवड झाली होती; गुन्हा दाखल झाला की नोकरी हातची जाणार. "इंजिन बंद व्हतं, चावी खिसामा व्हती," एवढंच तो सांगे. मी तोच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला. संध्याकाळी तो म्हणाला, "मावशी सांगस म्हनजे सरकना व्हई. तिले काय पडेल शे खोटं बोलानं?"

हा कबुलीजबाब म्हणावा की काय?

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. तिला काय दिसतं ते पाहावं म्हणून अक्काच्या जागेवर बसलो. पट्टा चालू होता. तिच्यासारखाच खाली मान घालून पाच-दहा मिनिटं कापूस पाहत राहिलो आणि एकदम वर पाहिलं. ट्रॉली सरकत होती! पट्ट्याच्या उलट दिशेला, म्हणजे मागे. भिंतही सरकत होती, माझा हवालदारही. आणि तरी सगळं जागच्या जागी. मी दचकून उठलो. क्षणभरात सगळं थांबलं.

पण तेवढ्यावर कागदोपत्री काही सिद्ध होत नाही. तीन दिवसांनी हमाल बोलू लागला. ट्रॅक्टर हललाच नव्हता, हमालच कापसाच्या ढिगावरून घसरून पडला होता.

भाचा सुटला. एका निरपराध पोराला मी त्याच्या स्वतःच्या हातांबद्दल शंका घ्यायला लावली, याची लाज आजही वाटते. साक्षीदार प्रामाणिक असला की साक्ष खरीच, असं मी तोवर धरून चाललो होतो.

सरकत्या पट्ट्याकडे बराच वेळ बघून वर पाहिलं की उभ्या वस्तूही उलट्या सरकताना दिसतात, हे मी अक्काला समजावून सांगितलं.

"मंग मी खोटं बोलनू का, साहेब?"

जन्मभर लोकांकडून हो की नाही वदवून घेतलं. तिला मात्र दोन्हीपैकी एकही देता आलं नाही.