शेजारणीचा मोगरा

झाडांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. माहेरी नाशिकला अंगणभर फुलं होती, आणि इथे आखातात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या चार हातांच्या अंगणातही फेब्रुवारी-मार्चमध्ये झेंडू आणि सदाफुली अशी काही फुलतात की येणारा-जाणारा थांबून बघतो. मे महिन्यात ऊन सगळं करपवतं, खलास. म्हणून जे करायचं ते वसंतातच, आणि दणक्यात.

भिंतीपलीकडची शेजारीण रत्नागिरीची. तिच्याकडे एकच कुंडी, मोगऱ्याची. आईच्या परड्यातली फांदी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तीन वर्षं झाली, झाड हिरवंगार, पण कळी म्हणून नाही. तिकडून तिची आई दर जुम्म्याला फोनवर विचारायची, "फुललं काय गो?" आणि ही म्हणायची, नाही अजून, इन्शाल्ला. ती फोन स्पीकरवर ठेवायची, त्यामुळे मला भिंतीअलीकडे सगळं ऐकू यायचं. मी तिला कितीदा सांगितलं, की बाई गं, रोज मासे धुतलेलं पाणी घालतेस, त्याने पानंच माजतात. लाडाने शेफारलंय झाड. ती हसायची आणि म्हणायची, आईच्या घरचं आहे, उपाशी कसं ठेवू?

फेब्रुवारीत आई अंथरुणाला खिळल्याचा फोन आला आणि ती तातडीने निघाली. कुंडी माझ्या अंगणात ठेवून म्हणाली, पाणी तेवढं घाला.

मी नेमकं तेच केलं नाही. आठ दिवस पाणी तोडलं, मग सगळी पानं ओरबाडून काढली, फांद्या निम्म्याने छाटल्या, आणि मुळाशी खत घालून पाणी सुरू केलं. मोगऱ्याला असाच धाक दाखवावा लागतो, तेव्हा कुठे तो फुलावर येतो. नवऱ्याने विचारलं, तिला सांगितलंस का? मी म्हटलं, सांगायचं काय त्यात! फुलं आली की फोटो पाठवू, तिची आईसुद्धा बघेल.

ती वेळ आलीच नाही. तिची आई गेली. मागचं सगळं उरकून शेजारीण परतली ती सामान दारात टाकून आधी माझ्याकडे आली. कुंडीत नुसत्या काटक्या. ती खाली बसली, एका काटकीला बोट लावलं.

"वैनी, हे पण गेलं काय हो?"

मी तिच्या शेजारी बसले. मग मी छाटणीचं सगळं समजावलं, महिन्या-सव्वा महिन्यात फुटेल म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसत नव्हतं. ठेवा तुमच्याकडेच, म्हणाली आणि गेली. ते मला फार लागलं.

झाड जगणार याची मला खात्री होती. तरी रोज सकाळी चहाच्या आधी मी काटकी नखाने खरवडून आतला हिरवा रंग बघायचे. छाटणी बरोबरच होती, आजही सांगते. पण दुसऱ्याच्या आईच्या झाडाला न विचारता कात्री लावली, त्याची लाज वाटायची. भिंतीपलीकडे जुम्म्याला आता फोन वाजत नव्हता.

मार्च सरता सरता कोंब आले, मग पानं, आणि एका सकाळी शेंड्याशेंड्याला कळ्यांचे झुबके. दोन फुलं तर उमललेलीसुद्धा. मी कुंडी उचलून तिच्या दारात नेली. तिने फुलं तोडली नाहीत. वाकून वास घेतला, ओढणी डोळ्यांना लावली.

"आता विचारणारं कोणी नाही, वैनी."

घरी येऊन मी भाजी चिरायला बसले, पण ते वाक्य काही केल्या जाईना. पुढच्या जुम्म्याला, त्यांच्या फोनच्या वेळेला, मी भिंतीपाशी गेले आणि हाक मारली, "फुललं काय गो?"

पलीकडचा भांड्यांचा आवाज एकदम थांबला. मला वाटलं, पुन्हा चुकले मी.

"फुललं," ती म्हणाली. "आज अकरा आलीत."